फुफ्फुसातलं बीपी आणि सहा मिनिटांची चाल: पहिल्यांदा चाचणीला जाणाऱ्यांसाठी

"माझं बीपी तं नॉर्मल आहे जी, मग ही चाचणी कशाची?" १२०/८० लिहिलेली चिठ्ठी पुढे करून हा प्रश्न विचारणारे रुग्ण मला सतत भेटतात. मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे. हृदयाच्या आणि फुफ्फुसांच्या रुग्णांच्या चालण्याच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम. डॉक्टरांनी फाइलवर 'पल्मनरी हायपरटेन्शन' लिहिलं, खाली 'सिक्स मिनिट वॉक' किंवा 'सीपीईटी' लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला, की माणूस बाहेर येऊन बाकावर नुसता बसून राहतो. त्या बाकावर बसलेल्यांसाठी आणि त्यांच्यासोबत आलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी तो प्रश्न. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो हृदयाच्या डाव्या बाजूने शरीरभर ढकललेल्या रक्ताचा दाब. हृदयाची उजवी बाजू रक्त फक्त फुफ्फुसांकडे पाठवते. तो रस्ता वेगळा आणि तिथला दाब एरवी फार कमी, सरासरी १४ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. ही सरासरी आराम करतानाही २० च्या वर राहिली की त्याला फुफ्फुसातला उच्च रक्तदाब, म्हणजेच पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. पूर्वी ही रेषा २५ वर होती. २०१८ मध्ये तज्ज्ञांच्या जागतिक परिषदेने ती खाली आणायला सुचवलं आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती स्वीकारली. म्हणून जुन्या आणि नव्या कागदांवर वेगवेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, या दाबाचा अंदाज देते. नक्की आकडा उजव्या बाजूच्या कॅथेटर तपासणीतूनच कळतो, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत बारीक नळी घालून. दंडावरचं बीपी नॉर्मल असूनही हा आजार असू शकतो. आणि बीपीची नेहमीची गोळी खाऊन तो जात नाही, हेही घरच्यांना एकदा नीट सांगून ठेवा.

कारणं अनेक. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप, जन्मापासूनचं हृदयातलं छिद्र, चुलीच्या धुराने किंवा बिडीने खराब झालेली फुफ्फुसं, फुफ्फुसात अडकून राहिलेल्या रक्ताच्या गुठळ्या, त्वचा कडक होणारा स्क्लेरोडर्मा. आपल्या विदर्भात आणखी एक कारण विसरून चालत नाही, ते म्हणजे सिकलसेल, रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार. काही जणांना यातलं काहीच नसतं, तरी आजार होतो.

मग चालायला का लावतात? निरोगी माणूस जोरात चालला तर हृदय कितीतरी जास्त रक्त फेकतं आणि फुफ्फुसातल्या एरवी मिटून असलेल्या रक्ताच्या बारीक नळ्या उघडतात, त्यामुळे दाब फारसा चढत नाही. या आजारात त्या नळ्या अरुंद आणि कडक झालेल्या असतात. पलंगावर बसलेल्या माणसाचं कसंबसं भागतं. जिना चढताना उजव्या बाजूच्या पातळ भिंतीच्या हृदयाला तो भार झेपत नाही, रक्त पुढे जात नाही, दम लागतो, डोळ्यापुढे अंधारी येते. आजार कष्टात दिसतो, म्हणून तपासणीही कष्टातच करावी लागते.

पहिलं काम: कोणती चाचणी, ते विचारा

'स्ट्रेस टेस्ट' हा शब्द ऐकला की लोक टीएमटी समजतात. पट्ट्यावर चालवतात ती टीएमटी मुख्यतः हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा शोधण्यासाठी असते. तुमची ती नाही. तुमच्यासाठी मुख्य चाचण्या दोन. सहा मिनिटं सपाट कॉरिडॉरमध्ये चालणं ही पहिली, आणि सगळ्यांत जास्त होणारी. तोंडावर मास्क लावून सायकल चालवायची सीपीईटी ही दुसरी, ती सगळीकडे होत नाही. मेडिकल असो, मेयो असो, मिहानचं एम्स असो की धंतोली-रामदासपेठेतला खासगी दवाखाना, आधी फोन करून किंवा खिडकीवर जाऊन विचारा: ही चाचणी तुमच्याकडे होते का, कोणत्या दिवशी, किती वाजता, सोबत काय आणायचं?

वेळ घेतानाच काही गोष्टी सांगून टाका. गेल्या महिन्याभरात हार्ट अटॅक आला असेल किंवा आराम करतानाही छातीत दुखत असेल, तर ही चाचणी घेत नाहीत. अलीकडे चालताना भोवळ येऊन पडला असाल, पायावरची सूज अचानक वाढली असेल, ताप असेल, गरोदर असण्याची शक्यता असेल, तर ते डॉक्टरांना आधी कळलं पाहिजे. "एवढ्यासाठी कशाला सांगायचं" म्हणून लपवलेली भोवळ ही या आजारातली सगळ्यांत महत्त्वाची खूण असते. ती दम लागण्यापेक्षाही गंभीर समजली जाते.

आदल्या दिवशी आणि सकाळी

औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, बोसेंटन, अँब्रिसेंटन, लघवीची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, जे चालू आहे ते डॉक्टरांनी थांबवा म्हटलं नसेल तर नेहमीच्या वेळी घ्या. कोणती गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून आणा. चाचणीच्या फॉर्मवर ती नोंद असते, आणि "सकाळची सगळी घेतली जी" एवढ्याने आमचं भागत नाही. लघवीच्या गोळीमुळे प्रवासात अडचण होईल असं वाटत असेल तर ती केव्हा घ्यायची हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या.

उपाशी येऊ नका, तर्रीपोहे भरपेट खाऊनही येऊ नका. हलका नाश्ता पुरे. चाचणीआधीचे दोन तास दमणूक नको. हे वाक्य सोपं वाटतं, पण गडचिरोलीहून पहाटेच्या एसटीने आलेला, स्टँडवरून चालत आलेला, केसपेपरच्या रांगेत तासभर उभा राहिलेला माणूस चाचणीआधीच दमलेला असतो. जमलं तर आदल्या रात्री नागपुरात मुक्काम करा. रांगेत सोबतच्या माणसाला उभं करा आणि रुग्णाला बसवा. मेट्रोने आलात तर जिना टाळा, स्टेशनवर लिफ्ट असते.

उन्हाळ्यात सकाळचीच वेळ मागा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास जातो, आणि दुपारी दोनला उन्हातून आलेल्या माणसाचे ठोके बसल्या जागी शंभरच्या वर असतात. बसलेल्या माणसाचे ठोके १२० च्या वर असले, किंवा दंडावरचं बीपी १८०/१०० च्या वर असलं, तर आम्ही आधी डॉक्टरांना विचारतो. बहुतेक वेळा तासभर बसवून पुन्हा बघावं लागतं, किंवा दुसरी तारीख द्यावी लागते. पाणी किती प्यायचं हा प्रश्न इथे नाजूक आहे. सूज असणाऱ्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं, सिकलसेलच्या रुग्णाला उन्हात पाणी कमी पडून चालत नाही. तुमचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण निम्म्या अडचणी इथेच होतात. सैल कपडे घाला. साडी नेसत असाल तर घोट्याच्या वर राहील अशी नेसा. परकराची नाडी करकचून बांधू नका, पोट आवळलं की श्वास आखडतो. आणि चपला रोजच्याच घाला. दर महिन्याला एक तरी मुलगा आईला चाचणीसाठी म्हणून नवे स्पोर्ट्स शूज घेऊन येतो. प्रेमाने आणलेले असतात ते, पण आयुष्यात पहिल्यांदा घातलेल्या बुटांत ती माउली पाय उचलून उचलून टाकते. वापरलेल्या, मागे पट्टा असलेल्या सँडल सगळ्यांत बऱ्या. काठी वापरत असाल तर काठी आणा. नखांना पॉलिश नको, काळी मेंदीही नको, कारण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नखातूनच प्रकाश टाकून वाचतं. थंडीत बोटं निळी-पांढरी पडतात अशा रुग्णांनी ते आधी सांगावं. बोटावरचं वाचन तेव्हा भरवशाचं नसतं, कानाच्या पाळीला किंवा कपाळाला सेन्सर लावता येतो.

घरी ऑक्सिजन चालू असेल तर किती लिटरवर ते लिहून आणा. चाचणी त्याच प्रवाहावर होते. सिलिंडर कोणी ओढला, रुग्णाने स्वतः की मदतनिसाने, याचीही नोंद होते, कारण त्याने मीटर बदलतात.

कॉरिडॉरमध्ये

तीस मीटरचा सरळ, सपाट, गर्दी नसलेला रस्ता. दोन टोकांना वाहतूक पोलिसांकडे असतात तसे नारिंगी शंकू. जमिनीवर दर तीन मीटरला खुणेची पट्टी. एक खुर्ची, जी उचलून पटकन आणता येईल. ऑक्सिजन आणि आपत्कालीन औषधांची ट्रॉली जवळ. एवढंच सामान. काही ठिकाणी जागा कमी म्हणून वीस मीटरच्या कॉरिडॉरमध्ये ही चाचणी होते. तशी झाली तर रिपोर्टवर ते लिहून घ्या. छोट्या रस्त्यावर वळणं वाढतात, प्रत्येक वळणावर वेग मोडतो, आणि त्याच माणसाचे मीटर कमी भरतात.

सुरुवातीला निदान दहा मिनिटं खुर्चीत शांत बसवतात. या वेळात बीपी, ठोके आणि रक्तातला ऑक्सिजन (टक्क्यांत) बघतात. मग एक तक्ता दाखवतात, शून्य ते दहा आकड्यांचा. शून्य म्हणजे दम अजिबात नाही, तीन म्हणजे मध्यम, पाच म्हणजे जोराचा, सात म्हणजे खूप जोराचा, दहा म्हणजे याच्यापुढे सोसवणार नाही इतका. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी बनवलेली ही मोजपट्टी. पायांच्या थकव्यासाठीही तीच विचारतात. लाजून कमी सांगू नका. आमच्याकडच्या बायका ओठ निळे पडेपर्यंत "थोडासाच लागला" म्हणतात, आणि तो थोडासा कागदावर दोन म्हणून उतरतो.

मग सूचना मिळते: सहा मिनिटांत जितकं जास्त अंतर चालता येईल तितकं चाला, पळू नका, शंकूला वळसा घालून न थांबता परत फिरा. दम लागला तर वेग कमी करा, थांबा, भिंतीला टेका, आणि जमेल तेव्हा पुन्हा निघा. मात्र घड्याळ थांबत नाही. "थांबली तं नापास होते का?" असं विचारतात. यात नापास कोणी होत नाही. किती वेळा आणि किती सेकंद थांबलात ते आम्ही लिहितो, ती डॉक्टरांसाठी कामाची माहिती असते.

चालताना बोलायचं नाही. मी तुमच्या बरोबरीने चालत नाही, कारण सोबत चालणाऱ्याच्या वेगाने माणूस चालू लागतो. दर मिनिटाला मी ठरलेलं वाक्य ठरलेल्या आवाजात म्हणते: "छान चाललंय तुमचं. अजून पाच मिनिटं आहेत." मग चार, मग "निम्मी वेळ झाली". यापलीकडे एक शब्दही नाही. कोरडं वाटतं, मला माहीत आहे. अमेरिकेच्या थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये या चाचणीचे नियम ठरवले, त्यात ही वाक्यंसुद्धा ठरवून दिली आहेत. कारण साधं: जास्त शाबासकी दिली की माणूस जास्त चालतो, आणि मग या वेळच्या मीटरांची मागच्या मीटरांशी तुलना करता येत नाही.

हा नियम मी एकदा सैल सोडला, त्याची खंत आजही आहे. काटोलकडच्या एक काकू होत्या, संत्र्याच्या बागेत उभं आयुष्य गेलेलं. त्यांचा मुलगा पलीकडच्या शंकूजवळ उभा राहिला, मी त्याला बाहेर पाठवलं नाही. पाचव्या मिनिटाला तो ओरडू लागला, "आई, अजून जोरात! होते, होते!" काकूंनी पदर खोचला आणि शेवटचं मिनिट अक्षरशः धावत काढलं. ४१२ मीटर भरले. ऑक्सिजन ८१ वर आलेला, ओठ काळसर, आणि खुर्चीत बसताच मान एका बाजूला कलली. ऑक्सिजन लावला, डॉक्टर आले, दहा मिनिटांत त्या सावरल्या. पण पुढचा घोळ तीन महिन्यांनी झाला. औषध सुरू होऊन त्यांना बरं वाटत होतं, भाजी आणायला एकट्या जात होत्या, आणि चाचणीत नीट, नियमाने चालून ३९६ मीटर आले. "सोळा मीटर कमी झाले, औषध लागू पडत नाही," म्हणून घर हवालदिल. खरं तर या वेळी ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला नव्हता, दम सातऐवजी चार होता. पहिला आकडाच खोटा होता, आणि तो खोटा होऊ देण्यात माझा हात होता. तेव्हापासून चाचणी सुरू होण्याआधी मी नातेवाइकांना हात जोडून दाराबाहेर बसायला सांगते. राग मानू नका.

म्हणून माझं सगळ्यांना एकच मागणं असतं. जोर लावून चाला, पण बाजारातून परत यायचंय अशा बेताने चाला. आपल्या अंगात आज जेवढं आहे तेवढं आम्हाला दिसू द्या, त्याहून जास्त नको आणि घाबरून कमीही नको.

केव्हा थांबायचंच

छातीत दुखणं, चक्कर किंवा डोळ्यापुढे अंधारी, पाय लटपटणं, पोटऱ्यांत गोळे, अचानक सुटलेला घाम, सोसवत नाही इतका दम. यातलं काही झालं तर हात वर करा आणि जागेवर थांबा. खुर्ची तुमच्यापर्यंत येईल, तुम्ही खुर्चीपर्यंत येऊ नका. चेहरा पांढराफटक दिसला किंवा ऑक्सिजन ८० च्या खाली उतरला तर आम्हीच थांबवतो. तुम्हाला आणखी चालता आलं असतं, तरीही.

सहा मिनिटं पुरी झाली की आहात तिथेच थांबायला सांगतात. चालत परत येऊ नका. तुमच्या पायाजवळ मी खूण करते आणि शेवटच्या खुणेपासूनचं अंतर टेपने मोजते. जाऊन येऊन एक फेरी साठ मीटरची. सहा फेऱ्या म्हणजे ३६०, वर सातव्या फेरीतले १८, एकूण ३७८ मीटर, असा हिशोब. लगेच पुन्हा दम आणि पायांचा थकवा विचारतात, ठोके आणि ऑक्सिजन बघतात. नंतर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा. पहिल्यांदा चाचणी होत असेल तर अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर पुन्हा चालायला सांगू शकतात, कारण वळायचं कसं, वेग कसा धरायचा हे एकदा कळलं की दुसऱ्यांदा अंतर थोडं वाढतं. दोन्हींपैकी चांगलं धरतात.

कागदावरचे आकडे

४४० मीटरपेक्षा जास्त म्हणजे धोका कमी. ३२० ते ४४०, मग १६५ ते ३१९ या मधल्या दोन पायऱ्या. १६५ पेक्षा कमी म्हणजे धोका जास्त. युरोपच्या २०२२ च्या सूचनांतल्या या रेषा मुख्यतः फुफ्फुसाच्या धमन्यांच्याच आजारासाठी आहेत. झडपेमुळे किंवा धुराने खराब झालेल्या फुफ्फुसामुळे दाब वाढला असेल तर तशाच्या तशा लावता येत नाहीत. आणि डॉक्टर एकट्या मीटरांवर काही ठरवत नाहीत. रोजची कामं करताना दम किती लागतो आणि रक्तातलं बीएनपी (हृदयावर ताण आला की वाढणारं रसायन) किती, हे दोन्ही सोबत बघतात.

मीटर कमी येण्याचं कारण दरवेळी फुफ्फुस नसतं. सिकलसेलच्या काही तरुण रुग्णांत मांडीच्या हाडाचं डोकं खराब झालेलं असतं. तो पोरगा खुब्याच्या दुखण्याने थांबतो, दम त्याला लागलेलाच नसतो. गुडघेदुखीच्या आजींचंही तेच. म्हणून "का थांबलात?" या प्रश्नाचं उत्तर नीट द्या आणि ते कागदावर उतरलंय का ते बघा. उंचीचाही फरक पडतो. पावणेसहा फुटी पंचविशीतला मुलगा आजार असूनही ४५० मीटर काढू शकतो. पाच फुटांच्याही आतल्या सत्तरीच्या आजीबाईंना तेवढं निरोगी असतानाही अवघड.

दोन चाचण्यांमध्ये पाच-दहा मीटरचा फरक आला तर त्याचा अर्थ लावत बसू नका. या आजारात सुमारे ३३ मीटरचा फरक पडला तर तो रुग्णाला स्वतःला जाणवण्याइतका मानतात. आणि मीटरांच्या शेजारी लिहिलेला सगळ्यांत कमी ऑक्सिजन नक्की वाचा. मीटर तेवढेच राहिले आणि ऑक्सिजन ९२ वरून ८४ वर उतरला, तर ती डॉक्टरांना लगेच दाखवायची गोष्ट आहे.

सायकलची चाचणी

सीपीईटीची माणसं जास्त धास्ती घेतात, ती मास्कमुळे. छातीवर ईसीजीचे स्टिकर, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला किंवा कानाला सेन्सर, आणि नाक-तोंड झाकणारा घट्ट मास्क. तुम्ही घेतलेली आणि सोडलेली हवा श्वासागणिक मोजली जाते. पहिल्या मिनिटात गुदमरल्यासारखं वाटतं, हवा मात्र पुरेशी येत असते. दोन-तीन मिनिटं नुसतं बसवतात, मग भार न देता पायडल मारायला लावतात, मग भार हळूहळू वाढतो. पायडल रुतल्यासारखं जड वाटू लागतं तिथपासून खरी चाचणी. वाढत्या भाराचा हा भाग साधारण आठ ते बारा मिनिटांचा. बोलता येत नाही, म्हणून खुणा आधी ठरवून घ्या: अंगठा वर म्हणजे ठीक, खाली म्हणजे त्रास, छातीवर हात म्हणजे दुखतंय. सायकल कधीच चालवली नसेल तर तेही सांगा. गावाकडच्या बऱ्याच बायकांना आधी पाच मिनिटं नुसता पायडलचा सराव लागतो, आणि तो मागण्यात काही वावगं नाही.

रिपोर्ट पानोपान असतो, त्यातल्या दोन ओळी शोधा. एक, शरीराने कमाल कष्टात वापरलेला ऑक्सिजन, दर किलो वजनामागे दर मिनिटाला. १५ मिलिलिटरच्या वर असेल तर धोका कमी, ११ च्या खाली जास्त. दुसरी ओळ श्वास आणि कार्बन डायऑक्साइडच्या गुणोत्तराची. ३६ च्या खाली बरं, ४४ च्या वर काळजीचं. हे दुसरं नीट समजावं म्हणून मी रुग्णांना एसटीचं उदाहरण देते. डेपोतून गाड्या सुटतायत, पण वाटेतल्या बऱ्याच थांब्यांवर प्रवासीच नाहीत. तेवढीच माणसं पोहोचवायला दुप्पट फेऱ्या माराव्या लागतात. या आजारात हवा फुफ्फुसाच्या फुग्यांपर्यंत पोहोचते, रक्त मात्र तिथे पुरेसं येत नाही, म्हणून तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला श्वास कितीतरी जास्त घ्यावे लागतात. इको बरी दिसत असूनही दम का लागतो, याचं उत्तर कधी कधी या एका ओळीत सापडतं. वजन जास्त, सराव कमी, दमा की रक्तवाहिन्या, यातलं नेमकं काय अडवतंय हे वेगळं करायला ही चाचणी चालण्याच्या चाचणीपेक्षा उजवी आहे.

क्वचित कॅथेटर आत ठेवूनही सायकल चालवायला लावतात. आरामात दाब ठीक आणि कष्टात अवाजवी चढतो, असा संशय असेल तेव्हाच. ती मोजक्या केंद्रांची गोष्ट.

घरी गेल्यावर

त्या दिवशी आराम. रात्री दम नेहमीपेक्षा जास्त वाटला, झोपून श्वास घेता येईना किंवा पुन्हा अंधारी आली, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा.

एक कळकळीची विनंती: पोराने मोबाइलवर सहा मिनिटांचं घड्याळ लावून अंबाझरी तलावाच्या काठावर आईची 'प्रॅक्टिस' घेऊ नये. पूर्ण जोराची चाचणी ऑक्सिजन, डॉक्टर आणि खुर्ची जवळ असतानाच करायची असते. रोजचं चालणं वेगळं. औषध चालू आहे, तब्येत स्थिर आहे आणि डॉक्टरांनी हो म्हटलंय, तर रोज थोडं चालणं चांगलंच, आणि देखरेखीखालचा व्यायाम तर आता उपचाराचा भाग मानतात. वेग इतकाच ठेवा की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल. भरलेली बादली उचलणं, सिलिंडर सरकवणं, श्वास रोखून जोर लावणं हे मात्र टाळा.

आणि एक वही करा. साधी, शाळेची. प्रत्येक चाचणीला एक पान: तारीख, वेळ, ठिकाण, कॉरिडॉर किती मीटरचा, पायात काय होतं, ऑक्सिजन चालू होता का आणि किती लिटरवर, कोणती गोळी किती वाजता, किती मीटर, सगळ्यांत कमी ऑक्सिजन किती, दमाचा आकडा, थांबलात का आणि कशाने. पुढची चाचणी शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच सुमाराच्या वेळेला घ्या. काकूंच्या वहीत आता पाच पानं झाली आहेत. पहिल्या पानावर ४१२ च्या शेजारी मी माझ्या हाताने लिहून दिलंय: 'शेवटचं मिनिट धावल्या, हा आकडा तुलनेसाठी धरू नये.'